कंटाळा कशाचा आला नाही

मंगल, आधी हे ऐकून घे की मी तुझ्यावर चिडलेय. दहाव्याला बायका गळ्यात पडून रडल्या, तुझ्या सासूबाई माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडल्या आणि मी ठोंब्यासारखी बसून होते. लोकांना वाटलं, उषाबाईंना धक्का बसलाय. धक्काबिक्का काही नव्हता. माझं मनातल्या मनात तुझ्याशी भांडण चाललं होतं आणि भांडता भांडता मला रडता येत नाही.

इतकी वर्षं एका शाळेत, एका टेबलाच्या दोन बाजूंना बसलो आपण. तू विज्ञान शिकवायचीस, मी इतिहास-भूगोल. हृदयाची आकृती फळ्यावर तुझ्यासारखी कुणाला जमायची नाही. ती काढून झाली की खडू खाली ठेवून तू पोरांना बजावायचीस, "पाठीत भरून आलं, जबडा दुखला, घाम फुटला, तर घरात बसायचं नाही. सरळ दवाखाना गाठायचा." दरवर्षी मला शेजारच्या वर्गात ऐकू यायचं. आणि त्या संध्याकाळी फोनवर तू मला काय सांगितलंस? "पाठ धरलीये गं, जबडापण ठणकतोय. ॲसिडिटी असेल. गोळी घेतलीये." लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी म्हणाले, दाजींना उठव, गाडी काढायला लाव, शेवगावला दाखवून ये. तर म्हणे, "उद्या. सकाळी आधी प्रतीक्षाच्या घरी जाऊ, तिथून येताना दाखवते. आणि हे बघ उषे, तिथं तू तोंड उघडायचं नाहीस. नुसतं बसायचं." पहाटे दाजींचा फोन आला, आणि फोन कसला असेल हे मला रिंग वाजली तेव्हाच कळलं.

एका पोरीच्या ॲडमिशनसाठी कुणी दवाखाना उद्यावर ढकलतं का? हे मला तुला तोंडावर विचारायचंय, पण तू तोंड दाखवायला जागेवर नाहीस.

बरं, तू गेलीस ती गेलीस, पण मागे काय काय झालं ते तरी ऐक. नदीवर दशक्रियेला मांडव घातला होता. महाराजांचं प्रवचन झालं आणि मग आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. माईक हातात आला की कुणी सोडत नाही. पिंडाला कावळा शिवायचा राहिला होता आणि इकडे एकेक पुढारी उठून तुझे गुण गात होता. ज्यांना तुझं पूर्ण नाव माहीत नव्हतं तेही बोलले. सगळ्यात शेवटी आपल्या संस्थेचे अध्यक्ष उठले. तेच, ज्यांनी तुला मागच्या वर्षी ऑफिसात बोलावून सगळ्यांसमोर विचारलं होतं, "बाई, तुम्ही पोरांना मजुरी दाखवायला नेता का? ती तर बिचारी घरी रोजच बघतात." ते आता रुमालानं डोळे पुसत म्हणाले, "मंगलबाईंनी या मातीत डॉक्टर घडवले, इंजिनिअर घडवले." मेल्या म्हशीला मणभर दूध. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यांना थांबायचं कुठं माहीत होतं? त्यांनी गर्दीतून प्रतीक्षाला उभं केलं. "ही बाईंची शेवटची विद्यार्थिनी. शाळेत पहिली आली. ही पोरगी डॉक्टर होणार, आणि तीच आपल्या बाईंना खरी श्रद्धांजली." लोकांनी दशक्रियेत टाळ्या वाजवल्या, मंगल. तिच्या बापानं, भाऊसाहेबांनी, हात जोडले आणि ते ढसाढसा रडले. प्रतीक्षा उभी होती, ओढणीचं टोक मुठीत धरून, आणि माझ्याकडे बघत होती. तिला काय हवं होतं हे त्या मांडवात दोघींनाच माहीत होतं, तिला आणि मला. तिसरी तू होतीस. तुझ्याच नावानं त्यांनी पोरीच्या तोंडाला कुलूप लावलं.

पोरांना लोकांची कामं दाखवायचा तुझा तो 'बघायचा दिवस' त्यांना कधी समजलाच नाही. आपल्याकडे दहावीनंतर पोरानं काय करायचं हे मार्क ठरवतात. भरपूर पडले तर सायन्स, मध्यम पडले तर कॉमर्स, कमी पडले तर आर्ट्स, आणि अगदीच काठावर निघालं तर आयटीआय. तुला हे कधी पटलं नाही. दहावीची परीक्षा संपली की तू जुने विद्यार्थी हुडकायचीस, त्यांच्या मागे लागायचीस आणि प्रत्येक पोराला कुणाच्या ना कुणाच्या कामावर दिवसभर पाठवायचीस. पगार विचारायचा नाही, मोबाईलवर फोटो काढायचे नाहीत, त्यांच्यासोबत डबा खायचा आणि सुट्टी होईपर्यंत थांबायचं. परत आल्यावर तू काय आवडलं असं कधी विचारलं नाहीस. तू विचारायचीस, "कंटाळा कशाचा आला नाही ते सांग." मी एकदा म्हणाले, हा काय प्रश्न झाला? तर म्हणालीस, "पंधरा-सोळाव्या वर्षी आवड कुणाला कळते गं? टीव्हीवर बघितलेलं सगळंच आवडतं. कंटाळा मात्र खोटा नसतो."

वकिलाकडे गेलेला पोरगा आठवतो? दिवसभर कोर्टात नुसत्या तारखा पडताना बघून आला आणि म्हणाला, "बाई, वकिली नको. पण कोर्टाबाहेर टायपिंग करणारे काका लई भारी हायेत." तू हसली नाहीस. त्याला पुन्हा त्या काकांकडे पाठवलंस. दवाखान्यात रक्त बघून धाडकन पडलेली ती मुलगी दुसऱ्या दिवशी कुणी न सांगता परत गेली आणि आज नर्स आहे. तू ते कुणाला सांगत बसली नाहीस. मीच सांगत फिरायचे आणि तू माझ्यावर डोळे वटारायचीस.

आपलं भांडण मात्र बापांवरून व्हायचं. तू पोरांना दाखवायचीस, त्यांच्याकडून वदवून घ्यायचीस आणि मग घरी जाऊन गप्प बसायचीस. "पोर स्वतः बोलेल. आपण बोललो तर ते आपलं होतं, तिचं राहत नाही." मी म्हणायचे, अगं, ज्या घरात पोरीला ताटात काय वाढलंय हेसुद्धा विचारायची सवय नाही, तिथं ती सायन्स का डिप्लोमा हे बोलणार? इथं कुणीतरी ठणकावून सांगणारं लागतं. तू मान हलवायचीस. हरेल तिनं स्टाफरूममध्ये चहा करायचा असं ठरलेलं होतं, आणि हे एक भांडण कधी संपलंच नाही म्हणून चहा शेवटपर्यंत शिपाईमामाच करत राहिले.

प्रतीक्षावरून तर आपण कडाकडा भांडलो. तिचे आईबाप ऊसतोडीला जाणारे. दिवाळीच्या आधी कोयता घेऊन कारखान्यावर जायचं आणि उन्हाळ्यात परतायचं, ती मागे आजीपाशी राहून शिकलेली. तिला तू नगरला नेलंस, नागापूरच्या एमआयडीसीत, तुझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या वर्कशॉपात. तिथं मशीनवर तयार झालेले लोखंडी भाग मोजून तपासायचं काम चालतं. पोरगी सकाळी तिथं उभी राहिली ती सुट्टीचा भोंगा होईपर्यंत हलली नाही, डबासुद्धा उभ्यानंच खाल्ला म्हणालीस. येताना एसटीत ती अख्ख्या वाटेवर बोलत होती. वर्गात कधी तोंड न उघडणारी पोरगी. तुझा प्रश्न तुला विचारावाच लागला नाही.

मग निकाल लागला. ती पहिली आली आणि संध्याकाळी चौकात फ्लेक्स लागला. वर अध्यक्षांचा भलामोठा फोटो, खाली दोन्ही बाजूंना मंडळाची पोरं गॉगल लावून, मधे प्रतीक्षाचा शाळेच्या ओळखपत्रावरचा फोटो आणि खाली ठसठशीत अक्षरात 'भावी डॉक्टर'. आपल्या गावात फ्लेक्स लागला की ती गोष्ट झाली असं धरतात. दुसऱ्या दिवसापासून किराणा दुकानदार तिला डॉक्टरीणबाई म्हणायला लागला, चुलता अकरावी आणि मेडिकलचे क्लास एकत्र असलेल्या कॉलेजची चौकशी करून आला. पोरगी तुझ्याकडे येऊन रडली. तिला डिप्लोमा करायचा होता, पॉलिटेक्निकला, मेकॅनिकलला. मी म्हणाले, चल, आत्ता जाऊन भाऊसाहेबांना सांगते. तू म्हणालीस, "थांब. ती सांगेल." मी म्हणाले, तू थांब थांब करत बस, तिकडे मुदत संपेल. त्यावर आपण दोन दिवस धड बोललो नाही, आणि मग तुझा तो पाठदुखीचा फोन आला.

मांडवातून मी तशीच उठले. प्रसादाला थांबले नाही. येताना चौकात बघितलं, तर 'भावी डॉक्टर'च्या शेजारी तुझा फ्लेक्स. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' तुला फ्लेक्स म्हटलं की नाकाला मिरच्या झोंबायच्या. हा फोटो कुठला माहितीये? स्नेहसंमेलनातला. आपण दोघी शेजारी उभ्या होतो, त्यातली तू कापून घेतलीये, पण नीट कापता आलेलं नाही. तुझ्या कडेला माझा अर्धा खांदा आलाय, निळ्या साडीतला. आणि वर पुन्हा अध्यक्ष, हात जोडून. माझ्या मनात आलं की आत्ता चढावं आणि टराटरा फाडावं. पण रस्त्यावर माणसं होती, आणि मला आधी दुसरीकडे जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रतीक्षाच्या वस्तीवर गेले, जिथं आपण दोघी जाणार होतो. वाटेत पूर्ण भाषण तयार केलं होतं. अध्यक्षांना, चुलत्याला, त्या मंडळाच्या पोरांना, कुणाला म्हणून सोडणार नव्हते. भाऊसाहेबांनी अंगणात खाट टाकली. प्रतीक्षाच्या आईनं चहा टाकला. "बाई," भाऊसाहेब म्हणाले, "मंगलबाईंचं लई वाईट झालं. पर त्यांच्या नावानं पोरगी डॉक्टर हुनार बगा. आता मागं हटायचं न्हाई."

माझं तोंड उघडलं होतं, मंगल. शब्द जिभेवर होते. आणि तुझा तो फोन आठवला. नुसतं बसायचं. मी तुला मनात सणसणीत शिवी दिली आणि तोंड मिटलं. भाऊसाहेब म्हणाले, "तुमी सांगा ना बाई. तुमी म्हनाल तसं."

मी म्हणाले, "तिला विचारा."

कोंबडी खाटेखालून निघून गेली. शेवटी प्रतीक्षा दाराच्या चौकटीला धरून बोलली. "आण्णा, मला डॉक्टर व्हायाचं न्हाई. मला ते मोजायचं काम शिकायचंय. मंगलबाईंनी दाखवलं ते."

"मग आदी का न्हाई सांगितलं?"

"मला कुनी इचारलंच न्हाई."

भाऊसाहेब बायकोकडे वळले. "तुला म्हनली हुती का ही, डॉक्टर व्हायाचं म्हनून?" आई म्हणाली, "मला कुठं? मला वाटलं तुमालाच म्हनली." भाऊसाहेबांनी कपाळावरून हात फिरवला. "आवो बाई, आमाला तर फ्लेक्स वाचूनच कळलं. मी म्हनलं, पोरीनं शाळेत सांगितलं आसंल. तिच्या मनात हाय तर मरू द्या, आनखी धा वर्सं कोयता चालवू."

राग कुणावर काढायचा हेच मला कळेना. त्या घरात डॉक्टर हा शब्द कुणी उच्चारलाच नव्हता. मंडळानं लिहिला, अध्यक्षांनी वाचला, गावानं पाठ केला, आणि तो बाप त्या शब्दासाठी आपली कंबर मोडायला तयार होऊन बसला होता. पोरगीही गप्प, बापाचं मन मोडेल म्हणून. मी ठणकावून बोलले असते तर भाऊसाहेब व्हय बाई म्हणाले असते, आणि मी घरी आल्यावर चुलत्याचं ऐकून पुन्हा व्हय म्हणाले असते. हे मला तिथं बसल्या बसल्या कळलं आणि मला तुझा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं, तुझी आठवण आली. ती तर आलीच होती.

आईनं मात्र सोडलं नाही. पोरगी मशीनवर काम करणार, नगरला एकटी राहणार, उद्या लग्नाचं बघताना लोक काय म्हणतील, सगळं विचारलं. मी मुलींच्या वसतिगृहाचं सांगितलं, डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला थेट जाता येतं हेही सांगितलं. तेवढं बोलायला तुझी हरकत नसावी. भाऊसाहेब ऐकत होते की नव्हते, देव जाणे. सगळं झाल्यावर म्हणाले, "बाई, मला बी दाखवा की एकदा. हिनं बगितलं, मी कुठं बगितलंय?"

आजवर एकाही बापानं हे म्हटलं नव्हतं, मंगल. इतकी वर्षं पोरांना नेलंस, आणि पहिला बाप निघाला तेव्हा तू नाहीस. याला काय म्हणू मी?

तुझ्या त्या विद्यार्थ्याला फोन केला. तो आधी रडला, मग म्हणाला, घेऊन या. आम्ही तिघं पहिल्या गाडीनं नगरला गेलो, तिथून नागापूरला. भाऊसाहेब धुतलेली टोपी घालून आले होते. दारातच चप्पल काढायला लागले, तर तिथल्या माणसांनी इथं अनवाणी चालत नाही म्हणून सांगितलं आणि पायात घालायला जाड बूट दिले. प्रतीक्षानं त्यांना एक चकचकीत लोखंडी कडं दाखवलं आणि म्हणाली, "आण्णा, ह्ये बरोबर हाय का चूक?" त्यांनी उलटंपालटं केलं, बोट फिरवून बघितलं, म्हणाले, "झ्याक हाय की." तिनं मोजून दाखवलं. केसापेक्षाही बारीक फरक होता. तिनं तो तिथल्या साहेबांना दाखवला आणि त्यांनी तेवढ्यावरून ते बाजूला ठेवलं. भाऊसाहेबांनी ते कडं परत उचललं, परत बघितलं. मग मला म्हणाले, "आमच्याकडं मोळी जरा ढिली बांधली की मुकादम शिव्या घालतो. हितं पोरगी सायबाला चूक दाखवती, आन् सायब ऐकतो." दुपारी तिथल्या कामगारांच्या रांगेत बसून त्यांनी भाकरी खाल्ली आणि कुणाला पगार विचारला नाही. त्यांना नियम कुणी सांगितला होता कुणास ठाऊक, पोरीनंच सांगितला असेल.

येताना एसटीत ते खिडकीपाशी बसले. तुझा प्रश्न माझ्या ओठांवर होता, मी विचारला नाही. शेवगाव स्टँडवर उतरता उतरता प्रतीक्षानंच विचारलं, "आण्णा, कटाळा आला का वो?"

"न्हाई आला," भाऊसाहेब म्हणाले. मग दोन पावलं चालून पुन्हा म्हणाले, "दिसभर न्हाई आला."

हरले मी. झालं समाधान? चहा माझ्यावर लागला, आणि तो प्यायला तू नाहीस. जिंकून असं निघून जाणं याला माझ्या भाषेत रडीचा डाव म्हणतात.

गावात पोचलो तर भाऊसाहेब घरी न जाता चौकात थांबले. पानाच्या टपरीवरून शिडी मागून आणली आणि 'भावी डॉक्टर'च्या तारा सोडायला लागले. मंडळातलं एक पोरगं धावत आलं, "आरं काका, ह्यो का काढता?" भाऊसाहेबांनी वरूनच सांगितलं, "कडब्यावर टाकायला पायजे. पावसाचं दिस हायेत." त्यावर पोरानं खालून शिडी धरली. कडबा भिजतो हे तर खरंच आहे. मी त्या दिवशी वस्तीच्या अख्ख्या वाटेत तयार केलेलं भाषण या एका वाक्यापुढे कुठल्या कुठे गेलं.

खाली उतरून त्यांनी शिडी सरकवली आणि तुझ्या फ्लेक्सखाली येऊन थांबले. "बाई, ह्यो बी काढू का? त्यांना आवडत नव्हतं म्हनं."

मी वर बघितलं. तू हसत होतीस, त्या दिवशी मी काहीतरी वाह्यात बोलले होते म्हणून. शेजारी माझा निळा खांदा. मी म्हणाले, काढा.

त्यांनी तारा एकेक करून सोडल्या, तुझा चेहरा आत येईल अशी घडी घातली आणि सुतळीनं बांधून माझ्या हातात दिली. "ह्यो कडब्याला नगं," म्हणाले, "ह्यो तुमी ठिवा." प्रतीक्षाचा डिप्लोमाचा अर्ज काल भरला. मेकॅनिकल. चुलता अजून फुगलेला आहे, अध्यक्ष मला बोलावतीलच, आणि बोलावलं की मी जाणार आहे, तिथं मात्र मी गप्प बसणार नाही. तुझी घडी माझ्या कपाटावर आहे. ती मी उघडलेली नाही. उघडली की मला रडू येणार हे मला ठाऊक आहे, आणि माझं तुझ्याशी भांडण अजून संपलेलं नाही.